गावच्या शिष्यवृत्ती ट्रस्टच्या मुदत ठेवीच्या पावत्या ऑक्टोबरात संपतायत, पैसे कुठे ठेवावेत?

गुहागरच्या बाई

नमस्कार. मी गुहागर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. ३१ वर्षं हायस्कूलला गणित शिकवलं, २०१९ ला निवृत्त झाले आणि त्याच वर्षी गावच्या शैक्षणिक ट्रस्टची चिटणीस झाले. प्रश्न पैशाचा आहे, पण थोडं मागचं सांगितल्याशिवाय तो कळणार नाही, म्हणून लांबण लागली तर समजून घ्या.

ट्रस्ट १९८७ चा. गोदीत नोकरी केलेल्या आमच्या गावच्या एका गृहस्थांनी आईच्या नावाने तो काढला. त्यांना सगळा गाव तात्या म्हणायचा. ३ लाख रुपये रोख आणि सड्याच्या, म्हणजे कातळाच्या माळाच्या, कडेची ४० हापूसची कलमं त्यांनी दिली, आणि एकच अट घातली: मुद्दलाला हात लावायचा नाही. १९९६ च्या सुमारास पावतीवर १२ टक्के व्याज मिळायचं. ३ लाखांचे वर्षाला ३६,००० यायचे, त्यातून १८ मुलांना २,००० प्रमाणे जायचे. तेवढ्यात एसटीचा पास, वह्या-पुस्तकं, परीक्षेची फी भागायची आणि एखाद्याच्या पायात नवी चप्पलही यायची. ही सगळी मुलं मी वर्गात पाहिलेली आहेत.

आता २०२० चं सांगते. तोवर देणग्या जमून निधी २२ लाखांवर गेला होता, पण व्याज ५.४ टक्क्यांवर उतरलं होतं. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. ४० कलमांपैकी ११ मुळासकट उपटली गेली. मुंबईतली कामं बंद पडून माणसं गावी परतलेली, त्यामुळे अर्ज दुप्पट आणि हातातले पैसे निम्मे. ऑगस्टमध्ये भर पावसात एक मुलगी माझ्या पडवीत आली. नर्सिंगच्या जीएनएम कोर्सच्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेजचं फीचं पत्र तिने दुधाच्या रिकाम्या पिशवीत घडी करून आणलं होतं. पिशवी धुऊन, पुसून घेतलेली, तरी कागदाच्या एका कोपऱ्याला ओल आली होती. पहिल्या वर्षी आम्ही तिला १५,००० दिले होते आणि तिन्ही वर्षं देऊ असं भर सभेत बोललो होतो. त्या दिवशी मी तिच्या हातात ६,००० ठेवले. तिने ते मोजले नाहीत. "चालेल बाई" एवढंच म्हणाली. शिक्षण तिने पूर्ण केलं, पण आईच्या पाटल्या गहाण ठेवून, हे मला पुढच्या वर्षी कळलं. ती "चालेल बाई" अजून माझ्या कानातून जात नाही. मला हे पुन्हा कुणाच्या बाबतीत होऊ द्यायचं नाही.

आज आमच्याकडे ४६ लाख आहेत. त्यातले २० लाख एका चाकरमान्यांच्या मृत्युपत्रातून जानेवारी २०२४ मध्ये मिळाले. मांडणी अशी: ३१ लाख एका सहकारी बँकेत, ९ लाख राष्ट्रीयीकृत बँकेत, ६ लाख तालुक्यातल्या एका पतसंस्थेत. सगळं मिळून वर्षाला साधारण ३ लाख ३० हजार व्याज येतं, शिवाय आंब्याचे कराराचे ५५,००० च्या आसपास. सध्या १९ मुलांना १२,००० प्रमाणे देतो, शाळेच्या प्रयोगशाळेला आणि वाचनालयाला मिळून ६०,०००, आणि ऑडिट वगैरे २०,०००.

ऑक्टोबरात १४ लाखांच्या तीन पावत्या संपतायत. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रेपो दर (ती बँकांना ज्या दराने उसने देते तो) ६.५ वरून ५.५ वर आणला, म्हणजे नूतनीकरणात व्याज कमीच मिळणार. गौरी-विसर्जनानंतर, मुंबईची मंडळी गावात असताना आमची सभा झाली. एक विश्वस्त म्हणतात सगळं म्युच्युअल फंडात टाका. दुसरे म्हणतात पावतीशिवाय कशालाही हात लावू नका. तिसऱ्यांचं म्हणणं, चिपळुणात एक गाळा घेऊन भाड्याने द्या. त्याच सभेत नवे ८ अर्ज "सध्या निधी नाही" म्हणून बाजूला ठेवले. ते अर्ज माझ्याच कपाटात आहेत.

माझे दोन प्रश्न. पैसे कुठे ठेवावेत? आणि दर वर्षी किती वाटावेत, म्हणजे एकदा मुलाला दिलेला शब्द मध्येच मोडावा लागणार नाही?

डोंबिवलीकर चाकरमानी

बाई, नमस्कार. मूळ गाव राजापूर तालुक्यात, नोकरी मुंबईत एका विमा कंपनीच्या गुंतवणूक खात्यात, आता निवृत्त. आमच्या वाडीच्या मंडळाचा छोटा शिक्षण निधी मी बघतो.

आधी सुरक्षिततेचं बोलतो, कारण तुमची मांडणी वाचून मला काळजी वाटली. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंतच देतं. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी तर ही मर्यादा १ लाखच होती. शाखा दहा असल्या तरी बँक एकच धरतात आणि ट्रस्ट हा एकच ठेवीदार. म्हणजे तुमच्या ३१ लाखांतले २६ लाख विम्याबाहेर आहेत. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आलेल्या बँकेच्या ठेवीदाराला विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळते, ही चांगली गोष्ट, पण मिळते ती ५ लाखांच्या आतलीच. पतसंस्था तर बँकच नाही, तिथल्या ठेवीला हा विमा मुळात नाही. ते ६ लाख आधी काढा. एक-दोन टक्के जास्त मिळतात म्हणून मुलांचे पैसे तिथे ठेवू नयेत.

आता "मुद्दलाला हात लावायचा नाही" याबद्दल. तात्यांनी ३ लाख दिले. आकडा तुम्ही जपलात, पण त्या आकड्याची किंमत? महागाई ६ टक्के धरली तर १२ वर्षांत पैसा निम्मा होतो. नोबेल पुरस्काराचीच गोष्ट पाहा. १९०१ चा पहिला पुरस्कार १,५०,७८२ क्रोनरचा होता, १९२३ चा १,१४,९३५ चा. पैसा फक्त "सुरक्षित रोख्यां"तच ठेवायचा या बंधनाने आणि करांनी निधीची ताकद झिजत गेली. १९४६ मध्ये करमाफी मिळाली, १९५३ मध्ये शेअर घ्यायची मोकळीक मिळाली, मग तो सावरला. आणि मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते २०१२ चं: निधीवर ताण आला तेव्हा त्यांनी पुरस्कार १ कोटी क्रोनरवरून ८० लाखांवर आणला. आधीचं देणं मोडलं नाही, पुढचं कमी केलं. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ताण आला की नवी मुलं कमी घ्या, जुन्यांचं कापू नका.

मी स्वतः काय केलं असतं? मुलांना कबूल केलेले पैसे एका बाजूला, कायमचा निधी दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्या पावत्या वेगळ्या. कबूल केलेल्या पैशांच्या पावत्या फी ज्या महिन्यात भरायची त्याच्या आधी संपणाऱ्या. कायमच्या निधीतला मोठा भाग सरकारी रोख्यांत. ट्रस्टना हे रोखे बँकेमार्फत बिनस्पर्धा बोलीने, म्हणजे स्वतः भाव न सांगता लिलावात ठरेल त्या भावाने, घेता येतात, किमान १०,००० पासून. सहा महिन्यांनी व्याज येतं आणि दर रोख्याच्या पूर्ण मुदतीसाठी बांधलेला राहतो. सध्या (सप्टेंबर २०२५) १० वर्षांच्या रोख्याला साडेसहाच्या आसपास, ३० वर्षांच्याला सातच्या थोडं वर मिळतंय. मध्येच विकायला गेलात तर भाव खाली-वर असेल, पण मुदत संपेपर्यंत धरलात तर पुरे पैसे परत. २०२० सारखं व्याज पडलं तरी तुमचं उत्पन्न हललं नसतं. आणि दहा-पंधरा टक्के इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणारा म्युच्युअल फंड), दहा वर्षं न बघण्याच्या तयारीने.

गाळ्याबद्दल एकच. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी कुठवर चढलं होतं ते त्या विश्वस्तांनी आठवावं. त्यानंतर तिथले दुकानदार कसे उभे राहिले ते मी जवळून पाहिलं आहे. मुलांची फी त्या पाण्यावर ठेवू नका.

रत्नागिरी_सीए

मॅडम, मी रत्नागिरीत सीए आहे, लहान ट्रस्टची बरीच ऑडिट करतो. वरच्या दादांचं सुरक्षिततेचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, पण कायद्याची चौकट सांभाळावी लागेल.

ट्रस्टला दोन कायदे लागतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० च्या कलम ३५ मध्ये पैसे कुठे ठेवायचे ते सांगितलं आहे: अनुसूचित बँक, पोस्टाची बचत बँक, शासनमान्य सहकारी बँक, सरकारी रोखे. याच्या बाहेर जायचं तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. प्राप्तिकर कायद्याच्या कलम ११(५) ची यादी वेगळी आहे आणि तिच्यात म्युच्युअल फंडाची युनिट बसतात. त्यामुळे लोकांचा घोळ होतो. प्राप्तिकराला चालतं म्हणून धर्मादायला चालतं असं नाही. फंड घ्यायचाच असेल तर आधी ठराव, मग परवानगी, मग पैसे. उलट क्रम नको. गाळ्याचं म्हणाल तर तो विकायला किंवा तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायला कलम ३६ खाली परवानगी लागते, हे सभेत सांगा.

आता वाटपाचं. वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के उद्देशासाठी खर्च करावे लागतात, १५ टक्के बाजूला ठेवता येतात. तुमचं उत्पन्न ३ लाख ८५ हजार धरलं तर साधारण ५८,००० मागे राहू शकतात. ४६ लाखांवर ही सव्वा टक्का वाढ झाली, महागाईच्या पुढे काहीच नाही. म्हणून नवा कायम निधी जमवत राहणं हाच लहान ट्रस्टचा खरा मार्ग. देणगीदाराकडून "ही रक्कम कायम निधीसाठी" असं लेखी घ्या. तसं लेखी असेल तरच ती कायम निधी, नसेल तर ती त्या वर्षाचं उत्पन्न.

आणि यावरूनच एक विचारतो, कृपया कपाट उघडून बघा. जानेवारी २०२४ च्या त्या मृत्युपत्रात नेमके शब्द काय आहेत? "कायम निधी", "मुद्दल न मोडता", असं काही आहे का? नसेल तर २०२३-२४ च्या रिटर्नबरोबर फॉर्म १० भरलेला असणार, म्हणजे त्या वर्षी खर्च न झालेली रक्कम अमुक उद्देशासाठी अमुक मुदतीत खर्च करू असं प्राप्तिकर खात्याला लिहून दिलेलं. त्याची प्रत काढा.

(वरचे प्राप्तिकराचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातले. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू, त्यात कलमांचे क्रमांक वेगळे. तुमच्या सीएंना विषयाने विचारा, क्रमांकाने नको.)

देवगडचा बागायतदार

आंब्याचे पैसे शिष्यवृत्तीत धरू नका बाई. एका अवकाळी पावसात मोहोर जातो, थ्रिप्स (फुलकिडे) आली की उरलेलं जातं. ज्या वर्षी येतील त्या वर्षी शाळेला, वाचनालयाला द्या, एकदाच देऊन संपतं असं काहीतरी. आणि करार करताना निम्मे पैसे मोहोराच्या आधी घ्या. पडलेल्या ११ जागी कलमं लावलीत का? लावली नसतील तर येत्या पावसात लावा, पाच-सहा वर्षांनी धरायला लागतील.

गुहागरच्या बाई

सर्वांचे आभार. दादा, तुमच्या "आधीचं देणं मोडलं नाही, पुढचं कमी केलं" या वाक्याखाली मी वहीत दोन रेघा ओढल्या. देवगडच्या भाऊंना सांगते, सात कलमं लावली आहेत, चार बाकी आहेत.

सीए साहेब, काल रात्री कपाट उघडलं. मृत्युपत्राची प्रत पोलक्याच्या कापडात गुंडाळलेली होती, तसंच त्या चाकरमान्यांच्या वारसांनी आणून दिलं होतं. त्यात लिहिलंय: "माझ्या गावातील गरजू मुलामुलींच्या शिक्षणासाठी रुपये वीस लाख." एवढंच. कायम निधी नाही, मुद्दल नाही. आणि फाइलमध्ये फॉर्म १० आहे. १७ लाख, उद्देश "ग्रामीण विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती", मुदत ३१ मार्च २०२९ पर्यंत. सोबतच्या ठरावावर सही माझी आहे. आमच्या सीएंनी तेव्हा समजावून सांगितलं होतं हेही मला आठवतं. पण आम्हा सगळ्यांच्या मनात तात्यांची अट इतकी बसलेली की ट्रस्टमध्ये आलेला प्रत्येक रुपया मुद्दल, असंच धरून आम्ही त्याच्या पावत्या केल्या आणि वर्षाला व्याज तेवढं वाटत राहिलो.

पावणेदोन वर्षं झाली. १७ लाखांतला एक रुपयाही मुलांपर्यंत गेलेला नाही, आणि त्याच कपाटाच्या खालच्या खणात "सध्या निधी नाही" असा शेरा मारलेले ८ अर्ज आहेत. तो शेराही माझ्याच अक्षरात आहे. रात्री मी ते अर्ज एकेक करून पुन्हा वाचले. एक मुलगा हर्णैच्या बंदरात बर्फ भरायचं काम करून आयटीआय करतोय. त्याच्या अर्जात वडिलांच्या उत्पन्नाचा रकाना कोरा आहे, कारण वडील नाहीत.

मी काय समजावं? हे पैसे संपवायलाच हवेत का? आणि संपले की पुढे काय?

रत्नागिरी_सीए

मॅडम, मनाला लावून घेऊ नका, मुदत हातात आहे. माझ्या पाहण्यात असे ट्रस्ट आहेत ज्यांना हे पाचव्या वर्षी कळलं, आणि मुदतीत खर्च न झालेल्या रकमेवर कर बसला. तुमच्याकडे साडेतीन वर्षं आहेत.

हो, ते १७ लाख ३१ मार्च २०२९ च्या आत शिष्यवृत्तीवरच खर्च व्हायला हवेत. दुसऱ्या ट्रस्टला देणगी म्हणून देऊन मोकळं होता येत नाही. उरलेले ३ लाख, म्हणजे १५ टक्के, तुम्ही कायमचे ठेवू शकता. खर्च होईपर्यंत १७ लाख कलम ११(५) मध्ये बसणाऱ्या जागीच हवेत. पतसंस्थेत त्यातला काही भाग असेल तर उद्याच हलवा.

आणखी एक, लहान गावात हे हमखास घडतं म्हणून सांगतो. विश्वस्तांच्या जवळच्या नातेवाइकाचा अर्ज असेल तर त्याला ट्रस्टमधून देऊ नका, कितीही गरजू असला तरी. करमाफी धोक्यात येते. त्या मुलासाठी विश्वस्तांनी वैयक्तिक वर्गणी काढावी.

सड्यावरची

बाई, नमस्कार. मी दापोली तालुक्यातली, आता मुंबईत एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. तुमची ती मुलगी मी नाही, पण माझंही शिक्षण अशाच एका गावच्या ट्रस्टवर झालं, म्हणून लिहावंसं वाटलं.

पैसे कुठे ठेवायचे ते मला कळत नाही. कधी द्यायचे ते सांगू शकते. आमच्या ट्रस्टचा धनादेश दर वर्षी २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर मिळायचा. हार, नारळ, फोटो, सगळं छान. पण फी जुलै-ऑगस्टमध्ये भरायची असते. ते पाच-सहा महिने माझ्या बाबांनी दर वर्षी एका शेठकडून व्याजाने घेतले. ट्रस्टने दिलेल्या १०,००० मधले दीडेक हजार त्या व्याजातच जायचे. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही. देणाऱ्याला काय बोलायचं, असं वाटायचं.

दुसरं, फी हा आता सगळ्यात मोठा खर्च राहिलेला नाही, निदान बऱ्याच मुलींसाठी. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने वर्षाला ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. पण होस्टेल, मेस, गणवेश, पुस्तकं, घरी यायचं भाडं हे कोण देणार? माझ्या बरोबरची एक मुलगी मेसचे पैसे थकले म्हणून दुसऱ्या सत्रात घरी गेली ती परत आली नाही. फी भरलेली होती तिची. म्हणून अर्जात "फी किती" एवढंच विचारू नका. राहणार कुठे, जेवणार कुठे, हे विचारा. फीची पावती मागता तशी मेसची पावती मागा, पण पैसे आधी द्या आणि पावती मागाहून घ्या.

त्या बर्फवाल्या मुलाला यंदाच द्या बाई. आयटीआयचं वर्ष चालू झालंय.

डोंबिवलीकर चाकरमानी

सड्यावरच्या ताईंनी जे लिहिलंय ते आमच्या मंडळाच्या सभेत वाचून दाखवणार आहे. आम्हीही २६ जानेवारीलाच देतो.

बाई, मी आधी सगळे ४६ लाख कायमचे धरून बोललो होतो ते विसरा. तुमचा कायमचा निधी २९ लाख आहे. साडेसहा टक्क्यांनी १ लाख ८८ हजार वर्षाला. २०२९ नंतर तुम्ही एवढ्यावरच चालणार आहात, हे आजच कागदावर लिहून सगळ्या विश्वस्तांना दाखवा, नाहीतर तेव्हा पुन्हा २०२० होईल. आत्ता हात सढळ, पण ज्या मुलाचा कोर्स मार्च २०२९ च्या पुढे जातो त्याला तेवढ्यापुरताच शब्द द्या.

गुहागरच्या बाई

महिन्याने लिहितेय. मुंबईच्या तिघांना फोनवर घेऊन आम्ही सभा घेतली, दोन तास चालली. झालं ते सांगते.

बाजूला ठेवलेले आठही अर्ज मंजूर केले. वर्षाला २०,०००, तीन वर्षं. एक अर्ज आमच्या विश्वस्तांच्या सख्ख्या पुतण्याचा निघाला. सीए साहेबांचं म्हणणं वाचून दाखवल्यावर त्यांनी स्वतःच तो मागे घेतला, आणि सभा संपल्यावर आम्ही सहा जणांनी त्याच्यासाठी वर्गणी काढली. त्याच्या जागी यादीतला पुढचा अर्ज घेतला, म्हणून संख्या आठच राहिली. बर्फ भरणाऱ्या मुलाचे २०,००० दुसऱ्याच दिवशी त्याच्या खात्यावर गेले. मी फोन केला तेव्हा तो बंदरावरच होता, मागे लिलावाचा आवाज येत होता. म्हणाला, "बाई, मग सकाळचं काम सोडू ना?" मी सोड म्हटलं.

जुन्या मुलांचे पुढच्या वर्षांचे २१ हप्ते बाकी आहेत, त्यांचे २ लाख ५२ हजार बाजूला काढले. जुलै २०२६ ला १२ नवी मुलं घ्यायची, त्यांचे तीन वर्षांचे ७ लाख २० हजार. आठ जणांचे ४ लाख ८० हजार धरून सगळं मिळून १४ लाख ५२ हजार होतात. उरलेले २ लाख ४८ हजार होस्टेलचं डिपॉझिट, आजारपण, अशा अडचणींसाठी ठेवलेत, तेही मार्च २०२९ च्या आत द्यायचेच. यावर वाद झाला. एक विश्वस्त म्हणाले, एवढी मुलं घेतली आणि २०२९ नंतर नाही म्हणावं लागलं तर गाव काय म्हणेल? मी त्यांच्यासमोर दादांचा १ लाख ८८ हजारांचा आकडा ठेवला. २०२९ नंतर एका वेळी आठच मुलं, हे आम्ही ठरावातच लिहून टाकलं. गावाला आजच सांगायचं. नवी देणगी आली, आणि लेखी "कायम निधी" म्हणून आली, तरच तो आकडा वाढेल.

आंब्याचे पैसे यापुढे शाळेच्या प्रयोगशाळेला आणि वाचनालयाला. ज्या वर्षी नाहीत त्या वर्षी नाहीत.

कायमच्या निधीतले १५ लाख सरकारी रोख्यांत घालायचं ठरलं. बँकेतल्या साहेबांनी आधी "हे आमच्याकडे फार कुणी मागत नाही" म्हटलं, मग मुख्य कार्यालयाला विचारून अर्ज दिला. म्युच्युअल फंडावर एकमत झालं नाही. चार विरुद्ध तीन मतांनी ४ लाखांपुरता ठराव झाला आणि परवानगीचा अर्ज तयार होतोय. परवानगी आली तरच. माझं मत बाजूने पडलं. मुलांना कबूल केलेले पैसे वेगळे झाले नसते तर मी ते दिलं नसतं. सहकारी बँकेत आता व्याज धरून ५ लाखांच्या आतच राहतील. पतसंस्थेने ६ पैकी ३ लाख दिलेत, बाकीचे नोव्हेंबरात देतो म्हणतात.

काल पावत्या करायला बँकेत गेले होते. काउंटरवरच्या मुलीने सवयीने विचारलं, "बाई, एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं अशाच करू ना?" मी म्हटलं, नको, पहिली २० जुलै २०२६ ला संपेल अशी कर, दुसरी २० जुलै २०२७ ला, तिसरी २० जुलै २०२८ ला. तिने दिवस मोजले. तिला वाटलं मी मुहूर्त बघतेय. मी तिला फीचं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली की तिची फीसुद्धा ऑगस्टमध्येच असायची. ५ लाख ४४ हजार, ४ लाख ७२ हजार आणि २ लाख ७६ हजार अशा तीन पावत्या झाल्या. घरी येऊन तिन्हींची पाकिटं केली आणि प्रत्येकावर त्या वर्षी ज्यांना पैसे जायचेत त्या मुलांची नावं लिहिली. २०२६ ते २०२८ च्या पाकिटांवर १२ ओळी कोऱ्या आहेत, त्या मुलांचे अर्ज अजून यायचेत.

सड्यावरच्या ताई, अर्जाचा नवा नमुना करतेय. "राहणार कुठे, जेवणार कुठे" हे दोन रकाने घातलेत. अजून काय विचारायला हवं ते सवडीने सांगाल का?